कबुलीजबाब, शिक्षा आणि कोवळे वय

२७ नोव्हेंबर १९८३ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात चार तरुणांना फाशी देण्यात आली. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा ही त्यांची नावे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात जे दहा खून झाले, त्यांबद्दलची ही शिक्षा होती. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते प्रकरण आजही महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. मारल्या गेलेल्यांत संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, त्यांच्या पत्नी होत्या, नातवंडे होती, घरकाम करणारी बाई होती. आणि मारणारे? कला महाविद्यालयात शिकणारी, विशीतली मुले.

या चौघांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात असताना आपली कहाणी लिहिली. 'येस, आय ॲम गिल्टी' हे त्या पुस्तकाचे नाव. होय, मी अपराधी आहे. पुस्तकाच्या नावातच कबुली देणाऱ्या या तरुणामुळे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याचे अजून सारे आयुष्य उरले आहे असा मुलगा आपला घोर अपराध आपल्याच तोंडाने मान्य करतो, तेव्हा त्याची शिक्षा सौम्य व्हावी काय?

आपणा कॅथॉलिकांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. वसईकडे ज्याला कुमसार म्हणतात आणि इकडे आपण पापस्वीकार म्हणतो, तो संस्कार आपल्या मुलांना लहानपणीच शिकवला जातो. घरातही आईवडील हेच सांगतात की, खरे बोललास तर मार मिळणार नाही. कबुली आणि क्षमा यांची गाठ अशा रीतीने आपल्या मनात लवकर बसते. मग न्यायाधीशानेही तसेच करावे, असे आपल्याला सहजच वाटते. परंतु धर्मगुरूच्या कानात सांगितलेली गोष्ट आणि न्यायासनापुढे सांगितलेली गोष्ट यांत जे अंतर आहे, ते आधी नीट पाहिले पाहिजे.

पापस्वीकारात आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार हे तिघेही एकच असतात. तेथे कोणी कोणाला पकडून आणलेले नसते. चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ साली या संस्काराच्या गुप्ततेवर जी मोहोर उठवली ती आजतागायत अभंग आहे. धर्मगुरूने ती मोडली तर तो तत्क्षणी ख्रिस्तसभेबाहेर पडतो. ही मोहोर का? कबुलीतून कोणालाही ऐहिक लाभ अथवा हानी होऊ नये, ती केवळ परमेश्वरापुढची असावी, म्हणून. शिवाय पापस्वीकार म्हणजे नुसते सांगून मोकळे होणे नव्हे. मनापासूनचा पश्चात्ताप, पापांचे निवेदन आणि केलेल्या हानीची भरपाई अशी तीन अंगे ख्रिस्तसभा शिकवत आली आहे. चोरलेले परत केल्यावाचून चोरीच्या पश्चात्तापाला अर्थ नाही. जक्कयने पापाची कबुली दिली तेव्हा त्याने आपली थैलीही उघडली.

आणखी एक गोष्ट शुभवर्तमानात आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. प्रभू येशूच्या उजव्या-डाव्या बाजूंना दोन गुन्हेगार क्रुसावर होते. त्यांपैकी एकाने आपला अपराध मान्य केला, आपल्याला मिळालेली शिक्षा योग्य आहे असेही म्हटले. प्रभूने त्याला त्याच दिवशीचे सुखधाम देऊ केले. परंतु त्याला क्रुसावरून खाली उतरवले नाही. दावीद राजाने नाथान संदेष्ट्यापुढे आपले पाप कबूल केले, त्याला क्षमाही मिळाली. तरीही त्या पापाची फळे त्याच्या घराण्याला भोगावी लागली. म्हणजे ईश्वरी क्षमेने मानवी शिक्षा आपोआप विरघळून जाते, असे आपला धर्म कोठेही सांगत नाही. म्हणून 'त्याने कबूल केले, आता सोडा' हे म्हणणे वरवर ख्रिस्ती वाटले तरी ते तसे नाही.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्याने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून अग्राह्य ठरवला. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा नियम तसाच राहिला. दंडाधिकाऱ्यापुढे कबुली द्यायची तर आधी त्याने आरोपीला बजावावे लागते की, बोलण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. यामागे अनुभव आहे. कोठडीत मनुष्य काय काय कबूल करतो, हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होते. गुन्हा मान्य करून शिक्षा कमी करून घेण्याची तडजोड २००६ पासून आपल्याकडे आली. परंतु सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना, तसेच स्त्रिया आणि मुले यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. थोडक्यात, घोर अपराधाच्या कबुलीला आपल्या कायद्यात ठरलेली किंमत नाही.

एक अपवाद मात्र आहे. तो म्हणजे माफीचा साक्षीदार. आपल्यासह साऱ्यांचा गुन्हा संपूर्ण उघड करण्याच्या अटीवर न्यायालय एखाद्या आरोपीला माफी देऊ शकते. जोशी-अभ्यंकर प्रकरणात त्या टोळीतील सुहास चांडक हा माफीचा साक्षीदार झाला. बाकीचे चौघे फासावर गेले.

असेच पुण्यात पुन्हा घडले. २६ ऑगस्ट १९९४ रोजी राठी कुटुंबातील सात जणांची हत्या झाली. त्यांत एक गर्भवती स्त्री आणि दोन मुले होती. तिघे आरोपी सापडले. एक माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. उरलेल्या दोघांना १९९८ साली मृत्युदंड झाला, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्या दोघांपैकी एकाची फाशी २०१६ साली राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याने अर्ज केला की, गुन्ह्याच्या वेळी मी अल्पवयीन होतो. शाळेच्या दाखल्यावरून चौकशी झाली. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते, असे २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि त्याला मुक्त केले. ज्या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते, त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, आणि त्यातला बहुतेक काळ गळ्याभोवती फास असताना. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो बाहेर पडला. नागपूर वणीहून काही तासांच्या वाटेवर आहे. इतकी वर्षे तो मुलगा आपल्या इतक्या जवळ होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. अल्पवयीनाचे नाव झाकावे, हा कायद्याचा दंडक त्याच्या वाट्याला फार उशिरा आला.

या दोन्ही प्रकरणांत न्यायालयांनी कायद्याप्रमाणेच वर्तन केले. माफीचा साक्षीदार नसता तर कदाचित गुन्हे सिद्धही झाले नसते. तरीही त्यांतून एक सत्य दिसते, ते आपण डोळे उघडे ठेवून पाहावे. कायदा माफी देतो ती पश्चात्तापाला नव्हे, उपयोगाला. ज्याच्या बोलण्याने इतर अडकतात त्याचे बोलणे मोलाचे. जो केवळ स्वतःबद्दल बोलतो त्याचे मोल काहीच नाही.

मग उपाय काय? स्वतःबद्दलच्या कबुलीलाही मोल द्यावे, कबूल करील त्याची शिक्षा अर्धी करावी, असा नियम करावा काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण गरिबांच्या वस्तीत शोधावे लागते. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. हातावर पोट असलेली अनेक कुटुंबे येथे कामासाठी येऊन राहिली. अशा घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला पोलीस घेऊन गेले, तर बालन्याय मंडळासाठी यवतमाळच्या खेपा आल्या, बुडालेली मजुरी आली. अशा वेळी कोणी त्याच्या बापाला सांगितले की 'कबूल करू दे, लवकर सुटेल', तर गुन्हा केला नसतानाही तो मुलगा कबूल करील. आणि जो खरोखरच निरपराध आहे, म्हणून शेवटपर्यंत 'मी केले नाही' असेच म्हणत राहतो, त्याला हा नियम अधिक शिक्षा देईल. खरे बोलल्याचीच ती शिक्षा! उलट पैसेवाल्याच्या मुलाला केव्हा रडावे आणि किती रडावे, हे वकील शिकवील. ज्या अश्रूंना बाजारभाव मिळतो, ते खरे आहेत की खोटे हे न्यायाधीशाने कसे ओळखावे?

याची उलट बाजूही अलीकडेच आपण पाहिली. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. बालन्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि सारा देश संतापला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे, आपण नव्हे. परंतु आपापल्या घरी प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावे की, माझ्या मुलाच्या हातून असे घडले तर माझी पहिली धाव कोठे असेल? त्याला खरे बोलायला लावण्याकडे, की त्याच्यासाठी खोटे उभे करण्याकडे?

तर मग कबुलीमुळे नव्हे, तर कशामुळे कोवळ्या वयाच्या अपराध्याला सौम्य शिक्षा व्हावी? माझे उत्तर असे की, वयामुळेच. मनुष्याची इच्छाशक्ती एका रात्रीत पूर्ण होत नाही. संत आगस्टीन यांनी आपल्या सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर शेजारच्या बागेतील नासपती चोरल्या. भूक नव्हती, फळेही चांगली नव्हती. पुढे धर्माध्यक्ष झाल्यावर त्यांनी या क्षुल्लक चोरीवर फार खोल विचार केला, आणि एकटा असतो तर हे केले नसते, या निष्कर्षाला ते आले. टोळीत शिरलेल्या कोणत्याही तरुणाची गोष्ट येथून सुरू होते. एकट्याने जे सुचणार नाही, ते चौघांत सहज घडते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही हे ओळखलेले आहे. सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला धर्मकायद्याची शिक्षा लागू होत नाही. सोळा ते अठरा या वयात शिक्षा सौम्य केली जाते. ही तरतूद असलेली सध्याची संहिता ज्या दिवशी अंमलात आली तो दिवस होता आगमनकाळाचा पहिला रविवार, २७ नोव्हेंबर १९८३. येरवड्यात ते चार तरुण फासावर गेले तोच हा दिवस. ते अठराच्या पुढचे होते, म्हणून ही तुलना ताणू नये. पण ती तारीख मनात राहते. आपल्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही सोळा ते अठरा हाच उंबरठा मानला. या वयातील मुलाने अतिघोर गुन्हा केला असेल, तर त्याची मानसिक जाण तपासून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवता येतो. मात्र त्याला मृत्युदंड देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही. कायद्यातला हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात आशेला जागा ठेवली आहे.

येथे संत आगस्टीन यांची आणखी एक आठवण सांगावीशी वाटते. इ.स. ४१२ च्या सुमारास आफ्रिकेत काही पंथाभिमान्यांनी रेस्तितुतस नावाच्या धर्मगुरूचा खून केला आणि दुसऱ्याचा डोळा काढून बोट तोडले. त्यांनी गुन्हा कबूल केला. आगस्टीन यांनी रोमन अधिकारी मार्सेलिनस याला पत्र लिहिले, की यांना ठार मारू नका, यांचे अवयवही तोडू नका. यांना उपयोगी कामाला लावा. मारले गेलेले आगस्टीन यांचेच लोक होते. ते बदला मागू शकले असते. 'यांना पश्चात्ताप झाला आहे म्हणून सोडा' असे मात्र त्यांनी म्हटले नाही. पश्चात्ताप व्हावा म्हणून यांना जगू द्या, असा त्यांच्या विनवणीचा रोख होता. कबुली होती, पश्चात्ताप अजून यायचा होता.

हा क्रम आपण नीट ध्यानात घ्यावा. आपण समजतो की पश्चात्ताप आधी आणि दया त्याचे बक्षीस. पुष्कळदा ते उलट असते. संत मारिया गोरेटी यांची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. ५ जुलै १९०२ रोजी अकरा वर्षांच्या मारियावर हल्ला करणारा आलेस्सांद्रो सेरेनेल्ली वीस वर्षांचा होता. तेव्हाच्या इटालियन कायद्याने तो अज्ञान ठरत असल्यामुळे त्याला जन्मठेपेऐवजी तीस वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी त्याच्या मनात पश्चात्ताप नव्हता. तुरुंगातील पहिली काही वर्षे तो तसाच निगरगट्ट होता. नंतर, मारिया आपल्याला फुले देत आहे असे स्वप्न त्याला पडले आणि त्याचे मन पालटले. सत्तावीस वर्षांनी, १९२९ साली, तो सुटला. मारियाच्या आईकडे जाऊन त्याने क्षमा मागितली आणि तिने ती दिली. पुढे कापुचिन मठात काम करीत त्याने आयुष्य काढले. कायद्याने त्याच्या वयाकडे पाहून जी जागा ठेवली, तिच्यात पश्चात्ताप उगवला. शिक्षा सौम्य होती, पण सत्तावीस वर्षे म्हणजे थोडी नव्हेत, हेही विसरू नये.

मग ज्यांचे माणूस गेले त्यांचे काय? हा प्रश्न टाळून दयेची भाषा बोलणाऱ्या धर्मगुरूला कोणी विचारले की 'तुमच्या घरातले गेले असते तर?', तर ते योग्यच होईल. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आहे. न्यायाधीश क्षमा करू शकत नाही. तो शिक्षा कमी करतो, तेवढेच. धर्मगुरूही परमेश्वराच्या नावाने पापक्षमा देतो. मृताच्या आईच्या वतीने नाही. १९९५ साली मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची हत्या करणाऱ्या समंदरसिंगला त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन राखी बांधली, तेव्हा ती क्षमा सेल्मींची आणि त्यांच्या कुटुंबाची होती. दुसऱ्या कोणी ती त्यांच्याकडून मागून घेतली नव्हती. ज्याचे दुःख आहे त्याच्यावर क्षमेची सक्ती करणे हा दुसरा अन्याय होय. त्याला खटला समजावून सांगावा, सुनावणीला त्याच्याबरोबर जावे, वर्षश्राद्धाच्या मिस्साला त्याच्या शेजारी बसावे. दयेविषयी त्याच्याशी काही बोलायचेच असेल तर ते त्यानंतर.

माझे म्हणणे थोडक्यात असे. अठरा वर्षांखालील अपराध्याची शिक्षा त्याच्या वयामुळे सौम्य असावी. त्याने कबुली दिली असो वा नसो. विशीतल्या तरुणाच्या बाबतीतही वयाचा विचार व्हावा, आणि त्याला फाशी तर कधीच होऊ नये. मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत स्वीकारता येत नाही, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट केले आहे. कबुलीचे मोल खटल्याच्या दिवशी ठरवू नये, ते पुढे ठरावे. पाच-सात वर्षांनी त्या तरुणाकडे पुन्हा पाहावे. त्याची कबुली त्याच्या वागण्यात उतरली का? ज्यांचे नुकसान केले त्यांच्यासाठी त्याने काही केले का? ज्या दिवशी बोलून काही मिळणार नव्हते, त्या दिवशीही तो खरेच बोलला का? तसे असेल तर दार थोडे लवकर उघडावे. मुनव्वर शहाची कबुली किती खरी होती, हे त्याच्या पुढच्या आयुष्यानेच सांगितले असते. ते पाहण्याची संधी आपण स्वतःलाच दिली नाही.

आणि धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? उद्या आपल्या गल्लीतील एखाद्या मुलाच्या हातून काही भयंकर घडले, तर त्याला लपवू नये आणि टाकूही नये. त्याला वकील मिळवून द्यावा, खरे सांगायला धीर द्यावा, त्याच्या आईला एकटी पडू देऊ नये. दर महिन्याला कोणीतरी त्याला भेटायला जावे, आणि तो परत येईल तेव्हा त्याच्यासाठी काम शोधावे. पण आधी दुसऱ्या घरी जावे, जेथे रडणे चालले आहे. दोन्ही घरांच्या पायऱ्या चढता आल्या, तरच आपल्या दयेत न्याय राहील.